पऱ्हाटीची मालकीण

त्या वर्षी पावसानं दगा दिला आणि तलवाड्याच्या शिवारात उसाचं टिपरूही उरलं नाही. कापूस तेवढा कसाबसा गुडघ्याएवढा झाला. म्हणून आमच्या शेतकरी सोसायटीनं पऱ्हाटीवर, म्हणजे वेचणी झाल्यावर उरणाऱ्या कापसाच्या वाळक्या झाडांवर, भरवसा ठेवला. पऱ्हाटीचा भुगा वाफेवर शिजवायचा, दुधाला विरजण लावावं तसं त्याला एन्झाइम लावून त्याची साखर करायची आणि ती आंबवून पेट्रोलात घालायचं इथेनॉल काढायचं. यंत्र एका कंपनीनं चाचणीपुरतं दिलेलं. होळीपर्यंत चाललं नाही तर ते दुसऱ्या तालुक्यात जाणार होतं. मी, राधाकिशन, सोसायटीचा चेअरमन. यंत्र गेलं असतं तर गावात तोंड दाखवायला मला जागा उरली नसती.

सभेत सगळ्या गडीमाणसांनी हात वर करून पऱ्हाटी कबूल केली. बॉयलर पेटला. इंजिनिअर सुरैया, बीडच्या पाशा मेकॅनिकची मुलगी, सकाळपासून वाट बघत बसली. एक गाडी येईल तर शपथ. सोसायटीतल्या आश्रुबाला फोन केला तर म्हणे बैल लंगडतोय. दुसऱ्याच्या ट्रॅक्टरात डिझेल नाही, तिसऱ्याची कंबर धरलेली. सगळं गाव एकाच दिवशी कसं आजारी पडलं, मला कळेना.

शेवटी तिरीमिरीत घरी गेलो. म्हटलं, चेअरमनच्या घरापासूनच सुरुवात करू. अंगणातल्या पऱ्हाटीच्या गंजीला हात घातला तोच आमच्या मंडळी, वच्छलाबाई, आडव्या आल्या.

"कापूस तुमचा. पऱ्हाटी कुणाची हाय?"

आमच्याकडची रीतच आहे. कापसाचा पैसा गड्याच्या खिशात जातो. पऱ्हाटी उपटते बाई, मोळ्या बांधते बाई, आणि चुलीची बेगमी म्हणून ती गंज बाईचीच. शेजारणीला मोळी उसनी हवी असली तरी ती बाईलाच मागते. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, आणि आम्ही शहाणे सभेत हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवून आलो होतो. गडी घरोघर हेच ऐकून मला बैलाच्या नि कमरेच्या सबबी सांगत होते.

तोवर शेजारच्या बायनाबाई, तुळजाबाई, सगळ्या गोळा झाल्या. पऱ्हाटी दिली तर भाकरी कशावर भाजायची, एवढंच त्यांचं विचारणं. मी सुरैयाला बोलावून आणलं. ती म्हणाली, साखर निघाल्यावर काळपट चोथा उरतो, तो वाळवला की छान जळतो. बॉयलरपुरता ठेवून बाकीचा तुम्हाला परत देता येईल. आधीच्या गावातल्या चाचणीच्या वड्या तिच्याजवळ होत्या. वच्छलानं त्या चुलीत घातल्या, भाकरी भाजली आणि पहिला तुकडा सुरैयाच्याच हातावर ठेवला.

"चोथा घेऊ," वच्छला म्हणाली. "पर आमाला सभासद करा. आमच्या नावानं, नवऱ्याच्या न्हाई."

मी मान डोलावली. अडला हरी, दुसरं काय करणार? दुपारनंतर गाड्यांची रांग लागली. आश्रुबाचा बैलसुद्धा ठणठणीत झाला. होळीच्या आदल्या दिवशी नळीतून पहिलं इथेनॉल ठिबकलं आणि मला चारचौघांत रडू आलं. लई आनंद झाला होता.

पुढं वार्षिक सभा भरली. घराघरातून एका गड्यामागं सासू-सुना दोघी सभासद झाल्या होत्या, हे काही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. बायनाबाईनं चेअरमन म्हणून वच्छलाचं नाव सुचवलं आणि बायकांचे हात भराभर वर गेले. आश्रुबाचाही गेला, त्याची बायको शेजारीच बसली होती. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

वच्छला मात्र उठून माझ्यासमोर आली. तुम्ही नको म्हणालात तर मी नाव मागं घेते, म्हणाली. मी म्हटलं, सगळ्यांनी ठरवलंय, आता मला कावून इचारतीस?

"न इचारता घेतलं की कसं वाटतं, ते मला ठावं हाय," ती हळूच म्हणाली.

मी हात वर केला.