इस्त्रीच्या खोलीतली संध्याकाळ

राखाडी धूळ शहरावर उतरली त्या दिवशी मी लॉन्ड्रीतल्या चादरी ओल्या करून दारांवर टांगल्या, एवढाच माझा गुन्हा. त्या चादरींमागे जे पंधरावीस जण वाचले, ते माझ्या गळ्यातच पडले. ताई, काय खायचं? ताई, दिवा कधी घालवायचा? माझा स्वतःच्या तोंडावर ताबा नाही, आणि ही माणसं माझ्या प्रत्येक वाक्याचा नियम करून मोकळी व्हायची.

धूळ छातीत गेली की खोकला लागायचा, आणि दुसऱ्या दिवशी माणूस संपायचा. शेजारी बसलेल्यालाही खोकला लागायचा. म्हणून घाबरून मी एकदा बोलून गेले, की पाणी आणून आलेल्याने बाहेरच्या इस्त्रीच्या खोलीत संध्याकाळपर्यंत बसावं, आणि खोकला आला तर आतलं दार उघडू नये. मागच्या आठवड्यात दवाखान्यातला कंपाउंडर खोकला. त्याने दार बडवलं, हातापाया पडला. सगळे माझ्याकडे बघत राहिले आणि मी नको म्हणाले. सकाळी तो गेलेला होता. तेव्हापासून माझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

आज पाण्याला जायला कोणी उठेना. शेवटी चिडून मीच कॅन उचलले. जीव मुठीत धरून गेले, आले, इस्त्रीच्या टेबलाला टेकून बसले, तोंडावरचं फडकं सोडलं आणि मला खोकला आला.

टेबलावर स्टार्चची पूड सांडली होती, तिनेही आला असेल. घसा कोरडा पडला होता, त्यानेही असेल. मी तोंड दाबून धरलं, तरी दुसरा आलाच. आतलं बोलणं थांबलं.

"ताई, तुम्ही खोकलात का?" हेडमास्तरांचा आवाज. आमच्यात सगळ्यांत मोठे, पण चहाचं आधणसुद्धा मला विचारून ठेवणार.

"स्टार्च गेलं नाकात."

"मग काय करायचं, ताई?"

मला रडू कोसळलं. माझ्या मरणाचा निकाल हा माणूस मलाच विचारत होता. मला मरायचं नव्हतं. एकटीने तर मुळीच नाही.

"उघडा," मी म्हणाले.

कोणी वाद घातला नाही. कंपाउंडरचं नावही कोणी काढलं नाही. कडी सरकली. पलीकडून माझी धाकटी बहीण म्हणाली, "सरका हो, मी घेते तिला आत." तिची तान्ही तिच्या खांद्यावर कुरकुरत होती.

दार माझ्या बाजूला उघडायचं. मी उठले, दाराला पाठ लावली आणि पाय टेबलाला रोवले.

"ताई, दार अडकलंय. जोर लावू?" हेडमास्तरांनी विचारलं.

तिसरा खोकला मला गिळता आला नाही.

"संध्याकाळपर्यंत कोणी हात लावायचा नाही," मी म्हणाले, आणि या माणसांनी माझं ऐकावं असं मला पहिल्यांदाच मनापासून वाटलं.