पाण्याचा अंदाज

सुंदराबाईंनी घंगाळात चार बोटं बुडवली, पाणी जरासं ढवळलं आणि "झालं" म्हणून पाय लांब केले. मोरीत भिंतीला टेकून त्या पाटावर बसल्या होत्या. लुगडं गुडघ्यांपर्यंत खोचलेलं. दुर्गानं तेल लावलेली विशाखा सासूच्या नडग्यांवर पालथी ठेवली. सुंदराबाईंनी डाव्या हातानं बाळाचं कपाळ तोललं आणि उजव्या हातानं तांब्या भरून पाठीवर सोडला.

विशाखानं असा टाहो फोडला, की दुर्गानं विचार न करता घंगाळात हात घातला आणि तसाच बाहेर ओढला.

"आत्याबाई, थांबा. पाणी कढत आहे."

"तुही कॉलेजची कातडी," सुंदराबाई हसल्या. "दोन काचेच्या नळ्या हातात धरल्या अन् बी.एस्सी. झाली. घाल थंड, घाल."

दुर्गानं थंड पाणी ओतलं. बाळाच्या खांद्याखाली तांबूस पट्टा उमटला होता. पुढची अंघोळ रोजच्यासारखी झाली. डाळीचं पीठ, मानेच्या वळ्यांतून अलगद फिरणारं बोट, डोक्यावर पाणी घालताना कानांवर आडवा धरलेला तळहात. त्या हातांत चूक सापडण्यासारखं काही नव्हतं.

त्या दिवशी दुर्गाची रजा संपत होती; दुसऱ्या दिवसापासून शाळा होती. अकोल्यातल्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायला तीच एक होती आणि वार्षिक परीक्षा तोंडावर आली होती. तिचा नवरा उत्तम पातूरच्या ब्लॉक ऑफिसात कारकून. तो सकाळच्या पहिल्या मोटारीनं जायचा. म्हणजे विशाखाची अंघोळ सुंदराबाईंकडेच. हे कोणी मुद्दाम ठरवलंही नव्हतं. त्या हातांवर शंका कोण घेणार? अमरावतीला समाजाच्या पोरांसाठी चालवलेल्या बोर्डिंगात सुंदराबाईंनी धम्मदीक्षेच्या सालापर्यंत भाकरी थापल्या होत्या. तव्यावरची भाकर त्या बोटांनी उलटत, चुलीबाहेर पडलेला निखारा बोटांनीच उचलून आत टाकत. उत्तम ही गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानानं सांगे.

दुपारी पाळण्याची दोरी ओढताना दुर्गानं दोनदा झबलं वर करून पाठ पाहिली. पट्टा फिका होत चालला होता. पण हिवाळाभर असं एकदाही झालं नव्हतं. मग आजच का? बंब तोच, घंगाळ तेच, हातही तेच. तिनं खिडकीकडे पाहिलं. फाल्गुनाचं ऊन अंगणात पांढरंफटक पडलं होतं. थंडीत कोमट पाण्यावरसुद्धा वाफ दिसायची. आता अकोल्याची हवा सकाळपासूनच तापलेली आणि कोरडी. पाणी कढत असलं तरी वर काही दिसत नव्हतं.

दोरी तिच्या हातात थांबली. सुंदराबाई पाण्यात बोटं बुडवत होत्या, पण अंदाज डोळ्यांनी घेत होत्या.

संध्याकाळी सुंदराबाई ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या असताना तिनं त्यांच्यापुढे दोन वाट्या आणून ठेवल्या. दोन्हींत पाणी होतं.

"हे काय वो?"

"यातलं गरम कोणतं, सांगा."

"शाळा उद्या हाय ना तुही? परीक्षा माहीच घेऊन राहिली आधी?"

दुर्गा हसली नाही. सुंदराबाईंनी एका वाटीत बोटं घातली, मग दुसरीत. पुन्हा पहिलीत. मग त्यांनी सुनेच्या चेहऱ्याकडे पाहिलं, तिथंही काही वाचता येईना, तेव्हा पदराला बोटं पुसली आणि सूप बाजूला सारलं.

"समजलं म्हना तुले."

"कधीपासून?"

"बोर्डिंगात होती तवापासूनच. आधी जराशीक समजे. आता तेबी नाई. पाणी वाहून पायावर आलं का पायाले समजते. पन तवर ते पोरीवरून गेलेलं असते."

"मग सांगितलं कावून नाही मले?" दुर्गाचा आवाज चढला. "भाजली असती ना ती!"

"सांगतलं असतं तं तू नोकरी सोडली असती."

"सोडली असती."

"म्हनून."

पाळण्यात विशाखा कुरकुरली. दोघीही उठल्या नाहीत. ती आपोआप गप्प झाली.

"किती पोरं माह्या हातचं खाऊन शिकले," सुंदराबाई म्हणाल्या. "मास्तर झाले, वकील झाले. एकबी पोरगी नव्हती त्याच्यात. मले वाटलं, वाफ पाहून निभावून नेईन." मग तांदळाकडे पाहत, "सकाळी ते वरडली तवाच चूक समजली मले. तरी हासली मी तुह्यापुढं."

दुर्गानं त्यांचा उजवा हात ओढून घेतला. बोटांची टोकं घोटून गुळगुळीत झालेली होती, रेषाही न उरलेली. तिनं एका टोकावर नख रुतवलं. सुंदराबाई नुसत्या पाहत राहिल्या. दुर्गाचं बोट मनगटावरून वर सरकत गेलं, आणि तिनं गरम वाटीतलं पाणी त्यांच्या कोपरावर ओतलं.

"अवो माय! जाळतं का मले!"

"कळलं ना?" दुर्गाला आता हसू आवरेना. "कोपरानं पाहायचं. त्यानं कधी भाकर उलटली नाही."

"कोपरानं?"

"कोपरानं. घंगाळात आधी थंड पाणी, मग गरम. आधी गरम कधीच नाही. सारं ढवळायचं, कोपर बुडवायचं. पाणी आहे की नाही असं वाटलं पाहिजे, चटका नाही अन् गारठाही नाही. मगच पोरगी घ्यायची."

"शेजारीन पाहीन तं म्हनन, म्हातारी घंगाळात पोहून राहिली."

"म्हणू द्या."

सुंदराबाईंनी ओलं कोपर पदरानं टिपलं, आणि मग कोणी न सांगता थंड वाटीतही बुडवून पाहिलं.

सकाळी उत्तम गेल्यावर दुर्गा शाळेचं पातळ नेसून मोरीच्या दाराशी उभी राहिली. विशाखा तिच्या हातात होती, तेलानं चमकणारी. सुंदराबाईंनी आधी थंड पाणी ओतलं, मग बंबातलं गरम. चोळीची बाही वर सारून त्या घंगाळावर वाकल्या. कोपर बुडवलं. थांबल्या. एक तांब्या थंड घातला, पुन्हा वाकल्या.

"झालं. तरी तू हात घालून पाह्य एकडाव."

दुर्गानं घंगाळाकडे पाहिलं. पाणी स्थिर होतं. नुसतं पाहून त्याच्याबद्दल काहीही सांगता आलं नसतं. तिचा उजवा हात मोकळाच होता.

"तुमी पाहिलं ना?"

"पाह्यलं."

दुर्गानं विशाखाला सासूच्या पायांवर ठेवलं आणि चपला शोधायला वळली.

फाटकाची कडी लावताना तिला पहिल्या तांब्याचा आवाज आला, पाठोपाठ बाळाचा, रडण्याच्या अलीकडचा हुंकार. मग सुंदराबाई बाळाला दटावत होत्या:

"थांब वो माय, धीर धर. दुसरा तांब्या पाह्यला नाई अजून."

एकदा पाहिलं की पुरे, हे सांगायचं राहून गेलं होतं. दुर्गा ते सांगायला परत फिरली नाही.