न उठणारी अक्षरं

"'मल चह नको'?" पडद्यावरचं वाक्य मोठ्यानं वाचून लेक हसायला लागली. "आई, अगं, हे काय? तुझ्या कॉम्प्युटरची बोबडी वळली की काय?"

ऑपरेटरबाईंनी कान्याचं बटण पुन्हा दाबलं. मग अंगठ्यानं दाबलं, मग मुठीनं ठोकलं. काना काही उठेना.

"असू दे गं, कळलं मला. चहा नको, कॉफी हवीय ना तुला?" असं म्हणत लेक स्वयंपाकघरात गेलीसुद्धा.

बाईंना कॉफीही नको होती. त्यांना लिहायचं होतं, 'मला चहा नको, आधी इथं बस, बोलायचं आहे.' पण पहिल्या तीन शब्दांतच लेकीला सगळं कळलं होतं. हल्ली तिला सगळं असंच अर्ध्यात कळायचं.

बाईंचा सगळा जन्म टेलिफोनच्या एक्सचेंजमध्ये गेला. कानाला हेडफोन, समोर बोर्ड आणि तोंडात "बोला, कुठला नंबर देऊ?" त्या एका वाक्यावर त्यांनी संसार केला. गावातल्या निम्म्या लोकांनी त्यांचा चेहरा कधी पाहिला नव्हता, पण बाजारात त्या नुसतं "केवढ्याला?" म्हणाल्या, की चार माना वळायच्या. एक्सचेंज बंद झालं तरी 'ऑपरेटरबाई' हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

आणि दुखणं आलं ते नेमकं गळ्यात. डॉक्टरांनी रोग काढला, त्याच्यासोबत आवाजाची पेटीही काढली. आता गळ्याच्या खळग्यात एक भोक होतं, त्यातून श्वास ये-जा करायचा आणि त्याच्यावर बाई पातळ सुती रुमाल बांधायच्या. नंतरच्या औषधांनी बोटांची जाणीवही नेली. बोटांना कायमचे हातमोजे चढल्यासारखं झालं. पेन धरलं तर कधी निसटलं ते कळायचं नाही. जाड खडू मुठीत धरून पाटीवर दोन शब्द कसेबसे व्हायचे, बस.

लेकीनं हौसेनं नव्या तऱ्हेची काचेची पाटी आणून दिली होती. तिच्यावर बोट टेकलं की नाही हेच बाईंना कळेना. वर ती मेली आगाऊ. बाईंनी 'मला' एवढंच लिहिलं, की तिनं पुढं सुचवलं, 'मला माफ करा.' माफी मागायची माझ्यावर काय वेळ आलीय, म्हणून बाईंनी ती उचलून कपाटात चादरींखाली घातली.

उरला होता नवऱ्याचा जुना कॉम्प्युटर. नवरा वखारीत कारकून होता. वखारीनं ते धूड मोडीत काढलं तेव्हा त्यानं ते हातगाडीवर घालून घरी आणलं होतं. माणूस गेला, धूड राहिलं. त्याची बटणं दाढेएवढी उंच, नीट जोर लावून दाबावी लागत आणि दाबलं की मनगटापर्यंत हिसका बसे. बोटं मुकी असली तरी मनगट शाबूत होतं. त्यामुळे बाईंना कळायचं, की आपण बोललो.

आणि आता काना गेला होता.

कॉफीचा कप पुढं ठेवून लेक समोर बसली. "आई, ऐक. रविवारी एक जोडपं घर बघायला येणार आहे. चांगली माणसं आहेत. तू आमच्याकडं यायचंस. खोली रंगवून ठेवलीय तुझ्यासाठी."

बाईंनी कप बाजूला सारला आणि कीबोर्ड पुढं ओढला. 'मी येणार नाही,' असं त्यांनी एकेक बटण ठोकत लिहिलं. कान्यापाठोपाठ 'न'नंही मान टाकली होती. पडद्यावर उमटलं, 'मी येणर ही.'

"येणार ना? मग झालं तर."

बाईंनी जोरजोरात मान हलवली.

"मानेला ताण देऊ नकोस बरं. सुरुवातीला सगळे नाहीच म्हणतात गं. आलीस की रुळशील." लेकीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. हात मायेचाच होता, तिथंच तर घोडं पेंड खात होतं. तिच्याशी भांडायचं तर भांडायलाही शब्द लागतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई कीबोर्ड पिशवीत घालून गल्लीच्या तोंडाशी असलेल्या रेडिओवाल्याकडं गेल्या. सोबतच्या पाटीवर त्यांनी खडूनं लिहून नेलं होतं, 'बटणं मेली.'

"ऑपरेटरबाई, याचं वय काय, माझं काय! मीच कधी बंद पडेन सांगता येत नाही." रेडिओवाल्यानं स्क्रू काढून झाकण उचललं, तशी काळी भुकटी टेबलभर सांडली. त्यानं चिमटीत घेऊन दाखवली. "हे बघा. प्रत्येक बटणाखाली स्पंजची टिकली असते, तिला खाली चकचकीत कागद. बटण दाबलं, की तो कागद पट्टीवर टेकतो आणि अक्षर उठतं. तुमच्या स्पंजाचं पीठ झालंय. कागद टेकणार कसा?"

बाईंनी बोटांनी कात्री करून दाखवली. नवीन कापायच्या.

"एवढ्या सगळ्या? मला नाही व्हायचं. आणि असल्या टिकल्या आता कोण विकतंय? भंगारात द्या. मी नवा कीबोर्ड देतो, एकदम हलका. फुलासारखा."

बाईंनी पाटी पुसली आणि लिहिलं, 'फूल नको.'

रेडिओवाला पोट धरून हसला. मग त्यानं बाईंच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि हसू आवरलं. ड्रॉवरमधून एक बारका स्क्रूड्रायव्हर काढून त्यानं तो पिशवीत टाकला. "परत आणून द्या. आणि पट्टीला पाणी लावू नका, एवढं ऐका माझं."

बाईंनी खिडकीशी टेबल ओढलं. स्पंज कुठून आणायचा हा प्रश्न त्यांनी पायातून सोडवला. घरात घालायच्या जुन्या सपातांचे तळवे उसवले, आत छान मऊ थर निघाला. कोपऱ्यावरच्या चपला शिवणाऱ्याकडून भोकं पाडायचा पंच मागून आणला. त्यावर हातोडीचा घाव घातला की गोल टिकली निघायची. टिकली उचलायची मात्र पंचाईत. बोटांत आहे असं वाटून हात उचलावा तर टिकली टेबलावरच. शेवटी भुवया कोरायचा चिमटा कामी आला. ब्लेडनं जुना डिंक खरवडताना टिकल्यांवर लाल ठिपके दिसायला लागले, तेव्हा त्यांना कळलं, की आपलं बोट कापलंय. दुखलं काहीच नव्हतं. त्यांनी बोटाला चिंधी गुंडाळली आणि ठिपक्यांच्या टिकल्या फेकून दिल्या.

चकचकीत कागद म्हणून स्वयंपाकघरातली डबा गुंडाळायची फॉइल कापली. सगळं बसवून, स्क्रू आवळून कॉम्प्युटर चालू केला. 'क' दाबला. पडदाभर 'ससससस' धावत सुटले. 'म' दाबला, तर ते थांबून 'टटटट' सुरू झाले. नाकी नऊ येऊन शेवटी हे! बाईंना रडू आलं. त्यांच्या रडण्यालाही आवाज नव्हता, गळ्यावरचा रुमाल तेवढा थरथरत राहिला.

रडून झाल्यावर त्यांनी झाकण पुन्हा उघडलं.

एक्सचेंजमध्ये दोन लाइनी एकमेकींत मिसळल्या, की भलत्याचं बोलणं भलत्याला ऐकू जायचं. उघडी तार उघड्या तारेला लागली, की असं व्हायचं. बाईंनी भिंग घेऊन एक जुनी टिकली उन्हात धरली. चकाकीच्या वर प्लास्टिकची पातळ साय होती. म्हणजे कागदानं टेकायचं, पण अंगाला अंग लावायचं नाही. असा कागद घरात कुठं असेल, म्हणून त्यांनी डबे पालथे घातले, फडताळ धुंडाळलं आणि अखेरीस केराच्या टोपलीत त्यांना वेफर्सचं रिकामं पाकीट सापडलं. आतून चकचकीत, वर साय. त्यांनी ते कपड्यांच्या साबणानं धुऊन दोरीवर वाळत घातलं. शेजारीण जिन्यावरून बघत राहिली. बघू दे, म्हणाल्या बाई मनात.

रविवारी लेक आणि जावई आले, तेव्हा पाकिटाच्या टिकल्या बसवून झाल्या होत्या, पण झाकणाचे स्क्रू अजून टेबलावरच होते. पाठोपाठ घर बघायला येणारं जोडपंही आलं. लेक त्यांना खोल्या दाखवायला लागली.

"इथं उजेड छान येतो. हे टेबल वगैरे सगळं जाणार आहे. आईचं ठरलंय आमच्याकडं यायचं. तिलाही आता एकटीला नको वाटतं."

ठक् असा आवाज झाला. मग पुन्हा ठक्. सगळ्यांनी वळून पाहिलं. बाई पाठ ताठ करून बसल्या होत्या आणि पडद्यावर हिरवी अक्षरं एकेक करून उठत होती.

'माझं काहीही ठरलेलं नाही.'

काना उठला होता, 'न'ही उठला होता. 'ठ' दोनदा ठोकावा लागला, पण उठला. बाईंनी जोडप्याकडं पाहिलं, हात जोडले आणि पुढं लिहिलं, 'तुम्हाला उगीच हेलपाटा पडला. माफ करा.'

कुणी सुचवलं नव्हतं. त्यांच्या मनात होतं म्हणून लिहिलं होतं.

जोडप्यातल्या बाईनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं. दोघं चपला घालून निघून गेले.

"आई, तुम्ही चारचौघांत असं…" जावई बोलायला लागला.

"तुम्ही थांबा हो." लेक पडद्यासमोर येऊन उभी राहिली. तिचा चेहरा लाल झाला होता. "नाही ना यायचं? ठीक आहे. मग मला एक सांग. न्हाणीघरात घसरून पडलीस, श्वास अडकला, तर हाक कशी मारणार आहेस तू? आँ? इथं भिंतीला भिंत लागून लोक राहतात, पण कुणाला ऐकू जाणार आहे? फोन वाजला की माझा जीव टांगणीला लागतो. उचलला की पलीकडं नुसता श्वास. तो फोन तू केलायस की तुझी बातमी द्यायला आणखी कुणी, हे कळेपर्यंत मी मेलेली असते. त्याचं काय?"

हे तिनं आजवर कधी बोलून दाखवलं नव्हतं. खोली, रंग, उजेड यांच्याबद्दलच बोलत आली होती.

बाईंनी हात बटणांवर ठेवले.

'हाक मारता येत नाही, हे खरं,' त्यांनी लिहिलं. 'पण'

"पण तू म्हणशील शेजारीण आहे, नाहीतर…"

बाईंनी हात उंच करून तळवा दाखवला. जावयानं खुर्ची पुढं सरकवली, तशी लेक बसली.

'पण नाही म्हणता येतं. माझं तेवढंच उरलंय. तेही तू माझ्या तोंडचं काढून घेतेस.'

लेकीनं ते वाचलं. तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते लपवले नाहीत. तिनं खुर्ची आणखी पडद्याजवळ ओढली.

बाईंनाही गलबलून आलं. पूर्वी लेकीचे डोळे पाणावले, की त्या हातातलं काम टाकून उठायच्या. आज त्या उठल्या नाहीत. सपाता उसवल्यामुळे अनवाणी झालेले पाय त्यांनी फरशीवर घट्ट रोवले, चिंधी बांधलेलं बोट पुढच्या अक्षरावर नेलं आणि जोर लावून दाबलं. सांगायचं बरंच होतं, आणि एकेक अक्षर उठायला वेळ लागत होता.