फवारणीचा पोशाख

"काकू, तपासणीवाला साहेब येल शेतस. बिनधास्त सांगा, तुमना मांगे मी शे," यामिनी सिस्टर कानाशी येऊन म्हणाली, आणि कमलबाईनं पोछा बादलीत सोडला.

बिनधास्त म्हणे! पण सांगायला तर हवंच होतं. करोनाच्या वॉर्डात फरशी पुसणाऱ्या दोघीच, ती आणि शांतीबाई. दवाखान्यानं त्यांना एकेक कापडी मास्क दिला आणि हात झटकले. कमलबाईनं निदान गावाहून, रनाळ्याहून, मुलाचा कपाशी फवारायचा डगला, चष्मा नि हातमोजे उचलून आणले. शांतीबाईकडे तेही नव्हतं. कालपासून ती तापानं घरी पडली होती. आज साहेबांपुढे तोंड उघडायचं, दोघींसाठी नीट किट मागायचं, हे यामिनीनंच ठरवलेलं. गावची पोर, लहानपणी कमलबाईच्या चुलीपाशी बसून भाकर खाल्लेली. तिच्यावर भरवसा ठेवायचा नाही तर कोणावर ठेवायचा?

साहेब मुंबईकडचे. मागे दवाखान्याचे मालक डॉक्टर. साहेबांनी कमलबाईला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"वा, छान. हे किट कोणी दिलं, बाई?"

भीतीनं शाळेतलं मराठी कुठल्या कुठे पळालं. "हाई मन्हा घरनं शे साहेब, कपाशी फवारानं. आम्हले आठे काहीच दिधं नही."

मास्कआडून साहेबांना 'घर' तेवढं कळलं. "काय म्हणतात या?" त्यांनी यामिनीला विचारलं.

यामिनीनं डॉक्टरांकडे पाहिलं. "म्हणतात, दवाखाना आम्हाला घरच्यासारखं जपतो, सर."

कमलबाईचा कानांवर विश्वास बसेना. ती "नही, नही" म्हणेपर्यंत साहेबांनी मान डोलावली, तिचा फोटो काढला आणि सगळे चहाला गेले. परक्यानं केलं असतं तर शिव्या घालून मोकळी झाली असती. पण या पोरीनं केसानं गळा कापला होता, आणि शांतीबाईला काय सांगायचं, हेच तिला सुचेना.

थोड्या वेळानं यामिनी परत आली. डोळे लाल झाले होते. "काकू, मी काय करू? मन्ही नोकरी गई असती. तुम्ही तरी समजी ल्या."

कमलबाईनं पोछा पिळला. आजवर यामिनीला तिनं 'पोरी'शिवाय हाक मारली नव्हती. आता ती एकेक शब्द जुळवत, अगदी पुस्तकातल्यासारखं बोलली.

"मॅडम, जरा बाजूला व्हा. मला शांतीबाईच्या वाटणीची फरशीसुद्धा पुसायची आहे."