मामाची जागा

आमच्या घरातलं ऑक्सिजनचं मशीन विजेवर चालतं आणि त्याची नळी अंगणातल्या लिंबापर्यंत पुरते. दोन वर्षं यांचं जग तेवढंच. म्हणून वैष्णवीच्या लग्नापुरतं परभणीहून खांद्याला अडकवायचं लहान मशीन भाड्यानं आणलं. विकत घ्यायचं तर लाखांचा मामला. जादा बॅटरीचं भाडं वेगळं होतं. "एक बस्स हाय," म्हणून यांनी ती घेऊ दिली नाही. काटकसर कुठं करावी, हे आमच्या दत्तरावांना जन्मात कळलं नाही.

वैष्णवी यांची भाची. तिची आई, माझी नणंद सविताताई, यांचे मालक लवकर गेले, तेव्हापासून पोरगी आमच्याकडेच वाढली, यांच्या खांद्यावर बसून. अक्षतांच्या वेळी मुलीच्या मागं तिचा मामा उभा राहतो. त्या पाच मिनिटांसाठीच हा माणूस दोन वर्षं श्वास ओढत राहिला, असं मला वाटतं.

बॅटरी तीन तासांची. पत्रिकेत मुहूर्त बारा पस्तीसचा. आपल्याकडचा मुहूर्त पत्रिकेपुरताच असतो, हे मला काय आज कळलं? अकराला पोखर्णीच्या कार्यालयात उतरल्याबरोबर मी म्हणाले, "भिंतीजवळ बसा, वायर लावून."

"आज न्हाई. आज मी सुटा हाय."

आणि सुटलेच की! दारात उभं राहून एकेकाला रामराम. मला रागही येत होता आणि डोळेही भरत होते. किती दिवसांनी हा माणूस मोकळा चालत होता.

नवरदेव मारुतीच्या पारावरून निघाला, पण त्याचे दोस्त डीजेपुढून हलेनात. दोन वाजून गेले. यांची नखं निळी दिसली म्हणून मी मशीनला हात लावला, तर बंद! नळी तेवढी नाकात.

"बंद कामून केलं?"

"अक्षतासाठी... राखून ठिवलंय."

टाकीतलं डिझेल राखावं तसा हा शहाणा श्वास राखत होता. मी मशीन चालू केलं, तर ते बॅटरी संपत आल्याचं टीं टीं करायला लागलं. हाताला धरून ओढतच स्वयंपाकघराच्या ओसरीत नेलं. तिथं एक प्लग चालू होता. रंग परत यायला लागला, पण वायर चार हात आणि जोडवायर होती ती डीजेवाल्यानं नेलेली.

तेवढ्यात माइकवर पुकारा झाला, "मुलीचे मामा, मुलीच्या मागं उभे राहा!" हे उठले. मी खांदा दाबून धरला. "दुसऱ्या कुणाला उभं करा," कुणीतरी म्हणालं, आणि यांनी मान खाली घातली. ते मला बघवलं नाही.

मुंडावळ्या सावरत वैष्णवीच ओसरीत आली. मामाकडं बघितलं, वायरीकडं बघितलं आणि भटजींना हाक मारली, "अंतरपाट हितं आणा."

"अगं, स्टेज सोडून? चुलीपाशी?" भटजी म्हणाले.

"मामा हितं हायेत."

अंतरपाट ओसरीत आला. मागं वरणाचं पातेलं, पुढं घामाघूम नवरदेव. हे उठून तिच्या मागं उभे राहिले. वायर ताणलेली, पाय लटलटायला लागलेले. भटजींनी पाचवं मंगलाष्टक उचललं तेव्हा मी असे डोळे वटारले, की त्यांनी तिथंच शेवटचं 'सावधान' गाठलं.

यांचा हात वैष्णवीच्या खांद्यावर होता. लोकांना वाटलं, मामा आशीर्वाद देतोय. मी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं. मान न वळवता ती हळूच म्हणत होती, "टाका भार, मामा. अजून टाका."