मोहनरावांचं तोंड आलं

दुष्काळाच्या साली वडवणीजवळच्या एका गावात दूध सोसायटीनं जनावरांची छावणी उघडली. उद्घाटनाला चेअरमन मोहनराव भाषणाला उभे राहिले आणि छावणीत म्हशी घेऊन आलेल्या भिवराबाईचं गाढव असं काही ओरडलं की सगळा मांडव हसायला लागला. मोहनरावांनी ते मनात ठेवलं.

दोन महिन्यांनी शेजारच्या छावणीत लाळ्या-खुरकूत आला. जनावरांच्या तोंडात फोड यायचे, लाळ गळायची, पाय लंगडायचे. मोहनरावांनी लगेच गाढवाला छावणीबंदी केली. भिवराबाई आपल्या दोन म्हशींचं पाणी त्याच्याच पाठीवरून आणायची. तिनं विनवण्या केल्या, पण रोग कुणाला ओळखत नाही, दिसेल त्याला धरतो, असं मोहनरावांनी सगळ्यांदेखत सुनावलं. तिच्या डोक्यावर हंडे आले.

पुढच्या आठवड्यात, आजारी जनावर आत येऊ नये म्हणून छावणीच्या फाटकावर बसायची पाळी तिची होती. मोहनराव लंगडत आले. नव्या चपलेनं टाच सोलली होती. त्यात तंबाखूनं तोंड आलेलं, म्हणून रुमालानं सारखी लाळ पुसत होते. भिवराबाईनं काठी आडवी धरली.

"चेअरमनसाहेब, तुमाला आत जाता यायचं न्हाई."

"कावून?"

"लाळ गळतीया, पाय लंगडतोय. अन् रोग कुणाला वळखत न्हाई, तुमीच म्हन्ला."

मागच्या बायकांनी पदर तोंडात कोंबले. मोहनराव संतापले, पण आतून चरकलेही. सकाळीच त्यांनी बैलाच्या तोंडात हात घालून दात बघितले होते. त्यांनी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावून घेतलं.

डॉक्टरांनी आधी त्यांचे पाय निरखले. "खुरं फाटलेली दिसत नाहीत," ते गंभीरपणे म्हणाले. मग त्यांनी समजावून सांगितलं. विषाणू दुसऱ्याच्या पेशीत शिरल्याशिवाय वाढत नाही, आणि शिरायला त्या पेशीवर त्याच्या मापाची पकड लागते. या विषाणूला ती गाय, म्हैस, शेळी अशा फाटलेल्या, म्हणजे दोन भागांच्या खुरांच्या जनावरांत सापडते. तोंडाच्या आणि खुराजवळच्या कातडीत तो जास्त माजतो. माणसाला तो लागल्याचं फार क्वचित ऐकू येतं.

"अन् गाढवाला?" भिवराबाईनं विचारलं.

"गाढवाला नाही लागत. पण त्याच्या पायाच्या मातीतून रोग आत येऊ शकतो. पाय धुऊन आत सोडा. माणसांचेसुद्धा."

फाटकाजवळ औषधाच्या पाण्याची घमेली ठेवली गेली. चेअरमन आणि गाढव पाठोपाठ पाय बुडवून आत गेले. आधी कोण गेलं, यावर गावात अजून एकमत नाही.