दोन झटक्यांमधला वेळ

घरच्या तान्ह्या बाळासाठी अंगावरचं दूध काढून, बाटलीचं झाकण आवळत ती चाचणीच्या खोलीत परतली, तर टेबल रिकामं! विमानातले उंची आणि दिशा दाखवणारे पडदे ज्यावर चालतात तो डबा ती व्होल्टेजचे झटके देणाऱ्या यंत्राला जोडून गेली होती.

"डबा कुठाय?"

"पास झाला मॅडम, हँगरमध्ये बसवलासुद्धा," तिचा जोडीदार म्हणाला. त्याला सगळे वादळ म्हणत. "म्हटलं, तुम्ही निवांत बाळाचं बघा."

"इतक्यात? सगळे झटके दिलेस?"

"एकामागून एक, धडाधड!"

डब्याच्या तोंडाशी नखाएवढा एक राखणदार असतो. पुरवठ्याचं व्होल्टेज उसळलं की जादाचा मारा तो स्वतःच्या अंगावर घेतो, तापतो, पण आतल्या नाजूक भागांना झळ लागू देत नाही. म्हणून दर झटक्यानंतर त्याला निवू द्यायचं. नाही दिलं, तर शेवटचा झटका झेलता झेलता तो जळतो आणि डबा मात्र ठणठणीत चालत राहतो. दारावरचा पहारेकरी मेलेला, अन् घरात कुणाला पत्ताच नाही.

"नंतर राखणदार तपासलास?"

"डबा चालत होता की! मग कशाला?"

बाळ झाल्यापासून तिच्या धास्तीची घरीदारी थट्टा चाले. कुलूप लावून दोनदा मागे फिरणारी बाई ती. तिचा स्वतःचाही आपल्या भीतीवर भरवसा उरला नव्हता. पण ते विमान तिची नणंद उडवणार होती. आणि जमिनीवरची वीज सोडून इंजिनाची घेताना व्होल्टेज उसळतंच.

ती पळत सुटली.

नणंद वैमानिकाच्या जागेवर बसलेली. तिच्या हातातली बाटली बघून हसली. "वहिनी, माझ्यासाठीपण दूध?"

"ताई, इंजिन सुरू करू नका. डब्यातला राखणदार जळला असेल."

"असेल? तुझ्या 'असेल'वर उड्डाण रद्द करू? वरचे मला फाडून खातील. भित्री भागूबाई!"

"आहेच मी भित्री. बाळाला आत्या हवीये, आत्याचा फोटो नकोय. उतरा."

नणंद पट्टा सोडून उतरली.

डबा विमानातून परत आणला, चाचणीच्या टेबलावर त्याचं झाकण निघालं. राखणदार शाबूत असता तर एका बाजूने तरी मीटरचा काटा हलला असता. तिने टोकं लावली. उलटी करून लावली. काटा ढिम्म.

नणंदेने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"मॅडम," वादळ काट्याकडे बघत म्हणाला, "मी नेहमी असंच करतो."

"नेहमी? सकाळचा डबापण?"

"तोपण."

नणंदेने फोनवर झडप घातली. "सकाळचा डबा ज्यात बसवला ते विमान हलवू नका." पलीकडचं ऐकताना तिचा आवाज खाली आला. "कधी उडालं?"

हवेत एका जनित्रावरचा भार दुसऱ्यावर गेला, तरी तोच झटका, आणि पडदे काळे.

"त्या वैमानिकाला सांगा, विजेच्या एकाही बटणाला हात लावू नकोस," तिने नणंदेच्या हातातून फोन जवळजवळ हिसकावला. "आहे तसाच परत ये म्हणावं. आत्ता!"

मग करण्यासारखं काही उरलं नाही. तिघं खिडकीशी उभी राहिली. आभाळ स्वच्छ होतं, रिकामं होतं.

"येईल ना हो?" वादळाने विचारलं.

तिने खिडकी उघडली आणि इंजिनाच्या आवाजासाठी कान दिला.